अव्वाच्या पायाचं माप

बाबांच्या चपला मुक्या असायच्या. कोल्हापूरच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. आमच्याकडं चपलेची पारख कानानं करतात, चार पावलं टाकली की करकर ऐकू आली पाहिजे, नाहीतर कारागिराला नावं ठेवतात. माझे आजोबा तशाच चपला करायचे. बाबाही त्यांच्याच हाताखाली शिकले, पण माझ्या जन्माआधी कधीतरी त्यांना शहराबाहेरच्या माळावर, मिशनच्या कुष्ठरोग दवाखान्यात काम लागलं आणि तिथं त्यांना सगळं नव्यानं शिकावं लागलं. ज्यांच्या तळपायाला काही कळत नाही अशा माणसांसाठी चपला करायच्या. काळं मऊ रबर, मागं टाच धरणारा पट्टा, आणि खिळा एकही नाही, कारण टोचलेलं ज्याला कळत नाही त्याच्या पायाखाली खिळा ठेवायचा नसतो. रोगी त्यांना सामू मिस्त्री म्हणत. कुणाचा तरी पाय मांडीवर घेऊन बसलेले बाबा हे माझ्या लहानपणचं रोजचं दृश्य होतं. एखाद्या पायाला बोटंच उरलेली नसायची. बाबा तो दोन्ही हातांत धरून, उजेडाकडं वळवून, बारकाईनं बघायचे आणि त्या माणसाशी उसाच्या आणि बैलांच्या गप्पा मारत राहायचे. रविवारी पाळकसाहेब उपदेशात त्यांचं उदाहरण द्यायचे, तेव्हा मी बाकावर ताठ होऊन बसायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे सांगायचं आहे ते बाबांना कमी लेखण्यासाठी नाही.

दवाखान्याच्या आवारातच आम्हाला दोन खोल्यांचं घर होतं. मागं चूल, चुलीमागं कोंबड्यांचं खुराडं. आईला मी आणि माझी धाकटी बहीण लिली अव्वा म्हणायचो. ती गडहिंग्लजच्याही पलीकडची, कानडी मुलखाला टेकलेल्या गावातली. तिच्या माहेरी सगळेच आईला अव्वा म्हणत. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. गळा गोड नव्हता, पण सकाळी भाकरी थापताना तिची भजनं सुरू झाली की आवारातल्या पहिल्या वॉर्डापर्यंत ऐकू जायची. भाकरीची थाप आणि भजनाची ओळ अशी जुळायची की शेवटची भाकरी तव्यात पडेपर्यंत भजन संपायचं नाही. हुलग्याचं माडगं, हिरव्या मिरचीचा खर्डा, अंबाडीची भाजी, आणि नाताळला तांबडा रस्सा. आमचं खाणं एवढंच, पण तिच्या हातचं काहीही खाऊन माणूस बोटं चाटत उठायचा.

संध्याकाळी जेवणाआधी घरची प्रार्थना व्हायची. बाबा शास्त्र वाचत, एक गाणं होई, मग बाबा प्रार्थना करत. त्यांची प्रार्थना चर्चमधल्या भाषेत असायची, लांबलचक. ती चालू असताना अव्वा एक डोळा उघडून चुलीवरच्या डाळीकडं बघायची. लिलीनं तिला एकदा पकडलं तर म्हणाली, "देवाला डाळ करपलेली आवडत न्हाई."

मी तेव्हा बारा वर्षांची असेन. एका संध्याकाळी अव्वानं तवा चुलीवरून खाली उतरवला, नेहमीसारखा, पदराच्या टोकानं धरून. पदर सरकला होता. मला आधी वास आला. बघते तर तिची डावी करंगळी तव्याला टेकलेली आणि ती लिलीला काहीतरी सांगत हसते आहे.

"अव्वा, हात! हात भाजतोय!" मी ओरडले.

"कुठं गं?" ती म्हणाली आणि उजव्या हाताकडं बघू लागली.

बाबा पाटावर बसले होते. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. असले फोड ते दिवसभर बघत. त्यांना काही विचारायची गरज नव्हती. तरी ते उठले, मागं गेले आणि कोंबडीचं एक पीस घेऊन आले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई असंच करतात, मी पाहिलं होतं.

"डोळं झाक," ते म्हणाले. "पीस लागलं की सांग."

अव्वानं डोळे मिटले. खेळात मिटतात तसे, ओठावर हसू ठेवून. बाबांनी तिच्या करंगळीवर पीस टेकवलं. मग मनगटावर. मग कोपरापर्यंत हळूहळू ओढत नेलं. पुन्हा करंगळीवर आणलं. चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला तेवढाच.

"आवं, सुरू करा की आता," अव्वा डोळे मिटूनच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डाव्या हाताची करंगळीकडची बाजू आणि डावा तळपाय, दोन्हीकडचं कळणं गेलं होतं. त्यांनी गोळ्या दिल्या, त्या बरीच वर्षं रोज घ्यायच्या होत्या. लवकर कळलं म्हणून बरं झालं, असंही म्हणाल्या. घरीच राहायचं, स्वयंपाक करायचा, मुलींना जवळ घ्यायचं, काही अडचण नाही. आणि एका चिठ्ठीवर चपलेचं लिहून ती बाबांच्याच हातात दिली. "मिस्त्री, आजच करा," म्हणाल्या. बाबांनी मान हलवली. घरी आल्यावर चिठ्ठी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागं खोचली आणि ती तिथंच राहिली.

त्याच दिवशी बाबांनी आपली वळकटी उचलून बाहेरच्या पडवीत नेली. जेवायला ते आमच्याकडं पाठ करून, उंबऱ्याजवळ बसू लागले. स्वतःचं ताट स्वतः घ्यायचे, स्वतः धुवायचे. अव्वा वाढायला गेली की "ठेव तिथं" म्हणायचे. रागावून नाही; आवाज अगदी मऊ असायचा, आणि म्हणूनच तो मला ऐकवत नसे. शेकडो परक्यांचे पाय मांडीवर घेणारा माणूस आपल्या बायकोच्या हातातून पाण्याचा तांब्या घेईना. मला आणि लिलीला जूनपासून मुलींच्या वसतिगृहात ठेवायचं, असं ते पाळकसाहेबांशी बोलत होते.

आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा पुष्कळ मोठी आहे. आता असं वाटतं की बाबांना रोगाची लागण होईल ही भीती नव्हतीच. ते रोज या रोगाचा शेवट हातात धरत होते. अव्वाचा पाय डोळ्यांसमोर आला की त्यांना तो दहा वर्षांनंतरचा दिसत असणार. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, मीही कधी विचारलं नाही. पण तेव्हा मला एवढंच दिसलं की बाबा घाबरले आहेत, आणि बाबा ज्याला घाबरतात त्याला मीही घाबरले.

मी काय केलं ते लिहायला मला आजवर जमलं नव्हतं. मी अव्वाच्या हातची भाकरी खाईनाशी झाले. सरळ नाही म्हणायची हिंमत नव्हती. ताट घेऊन मागच्या दारी जायची, "उजेडात बसते" म्हणायची, आणि भाकरीचे तुकडे करून कोंबड्यांपुढं टाकायची. शाळेत एक मैत्रीण होती, मुमताज. तिच्या डब्यातलं खायची. रिकामं ताट परत नेलं की अव्वा विचारायची, "आणिक वाढू?" मी म्हणायची, "पोट भरलं." लिली लहान होती, तिला काही कळत नव्हतं, ती अव्वाच्या मांडीवर बसून खायची आणि मला तिचाही राग यायचा.

प्रार्थनेला बाबा येऊन बसत. वाचत. पण गाणं झालं की गप्प. पहिल्या दिवशी आम्ही डोळे मिटून वाट बघत राहिलो. मग अव्वाच बोलू लागली. तिनं आमच्यासमोर कधी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. तिला चर्चची भाषा येत नव्हती. ती खळ्यावरच्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"देवबापा, मी तुझ्यावर रागावलोय, तुला ठावं हाय. चोरून ठेवत न्हाई." आमच्याकडच्या बायका स्वतःला 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात, तशी तीही म्हणायची. "डाव्या हाताला कळत न्हाई. उजव्याला कळतंय. उजव्याबद्दल आभार मानतो. रोग कुनी दिला ते मी इचारत न्हाई, पर बळ तुझ्याकडंच मागनार, दुसऱ्याच्या दारात मी जानार न्हाई. आनि ह्या घरात कुनाला भ्या वाटत आसंल तर त्येला रागावू नगंस. आमेन."

तेव्हापासून रोज तीच प्रार्थना करायची. कधी दोन वाक्यं, कधी दहा. एकदा नुसतं, "देवबापा, आज लई कंटाळा आला हाय, उद्या बोलतो," असं म्हणून आमेन म्हणाली. लिली खुदकन हसली आणि अव्वाही. सकाळी गोळी घेतली की तिला मळमळायचं, भिंतीला धरून बसायची. मग उठायची आणि पीठ मळायला घ्यायची, आणि पिठाबरोबर भजन यायचंच. चर्चमध्ये बायकांच्या बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली होती. अव्वा तिथं ऐसपैस मांडी घालून बसायची. "बरं झालं, पाय पसराय गावतंय," म्हणायची.

लोक मला अजून विचारतात, तुमची आई विश्वासानं बरी झाली का? मी सांगते, गोळ्यांनी बरी झाली. डॉक्टरीणबाई हुशार होत्या. पण गोळ्यांनी शरीर बरं होईपर्यंत कितीतरी वर्षं जायची होती, आणि त्या वर्षांतली प्रत्येक सकाळ तिला उठून काढायची होती. ती उठायची ते दातओठ खाऊन नव्हे. ती खरोखर हसत उठायची. देवाशी भांडून झालं की तिचं मन धुतल्यासारखं मोकळं व्हायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे. याहून जास्त मला त्यातलं कळत नाही.

असे चारपाच महिने गेले. एका रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही तिघी माळावरून घरी आलो. बाबा मागं पाळकसाहेबांशी बोलत थांबले होते. आदल्याच दिवशी मी घर सारवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी घरातही अनवाणी फिरायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून अव्वा चपलांसकटच आत येऊन चुलीकडं गेली, तिथून मडक्याकडं, मडक्याकडून लिलीला पाणी द्यायला दाराशी. आणि मला सारवलेल्या जमिनीवर तिच्या मागोमाग उमटत गेलेले तांबडे ठिपके दिसले. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून मडक्यापर्यंत. मला वाटलं कुंकू सांडलं. पण आमच्या घरात कुंकू कुठलं?

"अव्वा, थांब. हलू नको."

"काय झालं?"

"बस खाली. पाय दाखव."

तिनं पाय वर केला. साध्या चपलेचा पातळ तळवा फोडून बाभळीचा काटा टाचेच्या पुढं रुतला होता. बोटाएवढा लांब. अख्खा माळ ती त्याच्यावरून चालत आली होती, वर आम्हाला उपदेशातली गोष्ट पुन्हा सांगत.

मी विचार केला नाही. केला असता तर कदाचित बाहेर पळाले असते. मी तिची टाच मांडीवर घेतली, एका हातानं पाय दाबून धरला आणि दुसऱ्यानं काटा ओढला. रक्त भळकन आलं. माझे हात भरले. अव्वा कुतूहलानं बघत होती, जणू दुसऱ्याच कुणाचा पाय असावा. मी रडत होते, ती माझ्या डोक्यावरून उजवा हात फिरवत होती आणि म्हणत होती, "उगी, उगी. मला न्हाई दुखत. तुला दुखतंय."

मी पाय धुतला, फडकं बांधलं, आणि तिला उठू न देता भाकऱ्या करायला बसले. मला धड थापता येत नव्हत्या; दोन फाटल्या. तेव्हा लंगडत येऊन तीच बसली, आणि पहिली भाकरी तव्यावरून उतरल्याबरोबर मी तिथंच, तिच्या शेजारी, खर्ड्याबरोबर खाल्ली. दुसरीही खाल्ली. तिसरी मागितली. अव्वानं ती माझ्या हातात दिली आणि चुलीत बघत म्हणाली, "आज कोंबड्या उपाशी की गं."

इतके महिने तिला ठाऊक होतं. तरी रोज तिनं विचारलं होतं, आणिक वाढू?

बाबा आले. फडकं बघितलं, जमिनीवरचे डाग बघितले. तसेच मागं फिरून दवाखान्यात गेले, डॉक्टरीणबाईंना घेऊन आले आणि मलमपट्टी होईपर्यंत दारात उभे राहिले. डॉक्टरीणबाई जाताना एवढंच म्हणाल्या, "मिस्त्री, चप्पल?"

"करतो बाई," बाबा म्हणाले.

जखम भरायला तीन आठवडे लागले. चप्पल काही झाली नाही.

गुरुवारी बाबांच्या कारखान्यात मापं घेत. कारखाना म्हणजे एक लांब खोली, पत्र्याची. कातड्याचा आणि रबराच्या डिंकाचा वास, एका बाजूला शिवायचं मशीन, मधोमध बाबांचं बुटकं स्टूल आणि समोर रोग्यांसाठी खुर्ची. बाहेर बाकावर रांग लागायची. जखम भरल्यानंतरच्या एका गुरुवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मी घरी होते. अव्वानं वेणीफणी केली, नाताळचं लुगडं नेसली, कॅलेंडरमागची चिठ्ठी काढली आणि मला म्हणाली, "चल."

ती सरळ आत गेली नाही. रांगेत शेवटी बसली. पुढं सात-आठ जण होते. हिराबाई म्हणून एक म्हातारी रोगी होती, कितीतरी वर्षं दवाखान्यातच राहणारी, ती म्हणाली, "मिस्त्रीणबाई, तुमास्नी कशाला रांग? जावा की आत."

"न्हाई हिराबाई. मी बी पेशंटच हाय. नंबरानंच जातो."

एकेक जण आत जाऊन आला. ज्यांचं झालं तेही निघून गेले नाहीत, दाराशी घोटाळत राहिले. अव्वाचा नंबर आला. ती आत जाऊन खुर्चीवर बसली, चिठ्ठी पुढं केली आणि पाय लांब केला.

बाबांनी मान वर केली. क्षणभर त्यांनी तिला ओळखलंच नाही असं वाटलं.

"तू कशाला आलीस हितं?" ते हळू आवाजात म्हणाले. "घरी घेतलं आसतं की माप."

अव्वाला हळू बोलता येत नसे. "घरी तुमी माझ्याजवळ बसता कुठं?" ती म्हणाली. "हितं सगळ्यांजवळ बसता. म्हणून हितं आलो."

बाबांचे कान लाल झाले. मला वाटलं ते उठून जातील. त्यांनी खाली तिच्या पायाकडं बघितलं. मग जमिनीवर जाड कागद पसरला, शिसपेन्सील घेतली आणि तिचा घोटा धरून पाय कागदावर ठेवला. पेन्सील टाचेकडून फिरू लागली. बाबांच्या हाताची ती रेघ आवारात प्रसिद्ध होती, एका दमात सरळ निघायची. त्या दिवशी ती करंगळीपाशी हलली आणि अंगठ्यापाशी पार बाहेर गेली. त्यांनी कागद चुरगळला. दुसरा घेतला. तोही बिघडला. तिसऱ्या कागदावर माप आलं.

माप झाल्यावर ते नेहमी हाताच्या मागच्या बाजूनं तळवा तपासायचे, कुठं ऊन, म्हणजे गरम, लागतंय का ते. जिथं ऊन, तिथं आत काहीतरी बिघडतंय. त्यांनी अव्वाचा पाय मांडीवर घेतला, हाताची मागची बाजू तळव्यावर फिरवली, काट्याच्या व्रणापाशी थांबले.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

सगळं आयुष्य त्या माणसानं, हे पाय दुखत नाहीत म्हणूनच सांभाळायचे असतात, असं लोकांना शिकवलं होतं. आपण काय विचारलं ते त्यांच्या ध्यानात आलं. अव्वाच्याही आलं. ती आधी हसली, तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून मोठ्यानं. हिराबाई दारात हसू लागली. आणि बाबा हसता हसता रडू लागले. पाय मांडीवरून खाली न ठेवता, दोन्ही हातांनी धरून.

"दुखत न्हाई," अव्वा म्हणाली. "तुमी धरलंय ते बी कळत न्हाई. पर दिसतंय मला."

बाबांनी पाय सोडला नाही. कुणीही घाई केली नाही. मी मशीनजवळ उभी होते. माझ्या शेजारी रबराचे तुकडे पडले होते, ते मी उगाचच एकावर एक रचत राहिले.

पुढं कसं झालं ते थोडक्यात सांगते. चप्पल तिसऱ्या दिवशी झाली. गोळ्या बरीच वर्षं चालल्या आणि रोग गेला. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली आणि तळपायाला शेवटपर्यंत काही कळलं नाही. रोज संध्याकाळी बाबा तिचा पाय दिव्याशी धरून तपासायचे. आम्ही वसतिगृहात गेलो नाही. नव्यानं आलेल्या बाया पहिले दिवस तोंड झाकून रडत बसत, तेव्हा डॉक्टरीणबाई अव्वाला बोलावणं पाठवायच्या. ती त्यांच्या खाटेवर बसून आपला पाय दाखवायची, मग गाणं म्हणायला लावायची. मी परिचारिका झाले ते तिच्या मागून त्या वॉर्डांत फिरता फिरताच. बाबा आधी गेले. अव्वा त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षं होती, आणि ज्या दिवशी त्यांना मातीत ठेवून आलो त्या दिवशीही संध्याकाळी तिनं देवाशी आधी भांडण काढलं आणि मग आभार मानले.

पण त्या गुरुवारची संध्याकाळ सांगायची राहिली. बाबांनी पडवीतली वळकटी आत आणली. उंबऱ्याजवळचा पाट उचलून चुलीशी, अव्वाच्या पाटाला लागून ठेवला. त्यांनी शास्त्र वाचलं, आम्ही गाणं म्हटलं. मग नेहमीसारखी अव्वा प्रार्थना सुरू करणार, एवढ्यात बाबांनी घसा खाकरला. आम्ही डोळे मिटले. मला वाटलं आता ती जुनी लांबलचक प्रार्थना येणार. बाबा थांबले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडकले. चर्चची भाषा त्यांना सापडेना.

"देवबापा," ते शेवटी म्हणाले, "मी घरी आलोय."

एवढंच. अव्वानं आमेन म्हटलं, आमच्या सगळ्यांच्या आधी, पहिल्या वॉर्डापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.